बामासारखी पट्टी

३ नोव्हें., रविवार

सकाळी सहाच्या गोळीला बाबांनी तोंड उघडलं नाही. दादाने काल पाकिटावरचं नाव मोबाइलमध्ये टाकलं आणि जे आलं ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मॉर्फिन. अफूपासून बनते. पाकीट सिगडीत गेलं. सोळा गोळ्या. वास अजून घरात आहे.

"तीन हप्ते झाले मले अफू चारून राह्यली तू? न सांगता?"

मी "दुखण्याची गोळी" म्हटलं होतं. ते खरं आहे.

"सहा डिसेंबरले मी नशेत वंदना घेऊ काय? पाचवं शील मी म्हनाचं, अन् खिशात अफू?"

एकतीस वर्षं विहारात वंदना बाबा घेतात. नशा न करण्याचं शील त्यांनी पोटच्या लेकरासारखं सांभाळलं. आणि खाणीच्या पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत रोज तंबाखू-सुपारीचे पाच खर्रे. गाल कापावा लागला तरी ती नशा नव्हती. हे मी बोलले नाही. इथे लिहिते.

काल दुखणं (दु.) ३ होतं, दहापैकी. आज दुपारी ८. कॅन्सर मणक्यात उतरून दोन महिने झाले, त्याला शील कळत नाही.

४ नोव्हें., सोमवार

जांभया. नाक गळतंय. पांघरूण असून अंगावर काटा. तीनदा जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. सगळं पुस्तकात दिलंय तसंच.

आत्या: "पाय, दारुड्यावानी कापून राह्यला माह्या भाऊ. हे तुह्या गोळीनं लावलं त्याले."

आई गेल्यापासून घर आत्या चालवते. नऊ वर्षं. मी तिच्याशी कामापुरतं बोलते. ती माझ्याशी काम नसेल तेव्हाच बोलते.

स्वतःसाठी लिहून ठेवते, म्हणजे डोकं जागेवर राहील: तीन आठवडे औषधाने दाबून धरलं की पेशी जास्त जोर लावायला शिकतात. औषध एकदम काढलं की तो जोर मोकळा सुटतो. आतडं, नाक, घाम, डोळे, सगळं उसळतं. ही शरीराला झालेली सवय. लत वेगळी. लत म्हणजे दुखत नसताना, नुकसान दिसत असताना, तेच शोधत फिरणं. बाबा काही शोधत नाहीयेत. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत.

दादाला हे सांगायचा प्रयत्न केला. "म्हनजे लागलंच ना?" म्हणाला आणि गाडीवर गेला. कोळशाचा ट्रक चालवतो, मोबाइलवर औषधशास्त्र वाचतो.

५ नोव्हें., मंगळवार

मंगळवारी आमच्या हॉस्पिटलात यवतमाळहून वेदनेच्या डॉ. बाई येतात. मी औषधाच्या खिडकीवर असते, त्यामुळे रांग नाही.

बाबा गोळी घेत नाहीत म्हटलं. तोंड दोनच बोटं उघडतं, गिळताना त्रास होतो, हेही सांगितलं. दोन्ही खरं. त्यांनी फेंटानिलची पट्टी लिहिली, पंचवीसची. कातडीतून हळूहळू उतरते, तीन दिवस चालते. मध्ये दोन दिवसांचा खंड पडला म्हणून श्वास मोजत राहा म्हणाल्या.

"ताप आला तर काढायची. उन्हात, शेकोटीजवळ नाही. शेक नाही. माहीतच आहे तुला."

माहीत आहे. गरम झालं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि तीन दिवसांचं औषध घाईने आत शिरतं.

"आणि त्यांना सांगितलंस ना हे त्याच जातीचं औषध आहे म्हणून?"

"हो."

संध्याकाळी पट्टी उजव्या खांद्याच्या मागे लावली. बाबांनी मान वळवून विचारलं, "हे काय?"

"दुखण्याची पट्टी."

"बामवानी?"

"हो. बामासारखी."

आत्या दारात उभी होती. तिने ऐकलं.

७ नोव्हें., गुरुवार

दु. ४. श्वा. १६ (मिनिटाला). बाबांनी दोन वाट्या ताकातली कण्या-आंबील घेतली. दुपारी अंगणात खाट टाकून बसले.

"पाय, हे देसी पट्टीनं काम केलं. अफूची गरजच नव्हती."

दादा हसला. "शिकलेल्या लोकायले सगळ्यात महागडं औषधच लागते, बाबा."

मी भांडी आत नेली.

८ नोव्हें., शुक्रवार

नवी पट्टी डाव्या खांद्यामागे. जुनी दुमडून डबीत बंद. कपाटाच्या दारावर कागद चिकटवला: लावल्याची तारीख, काढायची तारीख, "ही पट्टी मी सोडून कोणी काढायची नाही". मोठ्या अक्षरात. आत्याने कागदाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. कागद दादासाठी होता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

शेक नको, हे कागदावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दादाने विचारलं असतं, बामाला शेक का नको.

१० नोव्हें., रविवार

बाबा पोरांचा वर्ग घ्यायला विहारात गेले. काठीने, पण पायी. गालाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा 'स' नीट येत नाही, तरी पोरं त्यांच्यासारखंच म्हणत होती, 'स' गाळून. दु. ३. बद्धकोष्ठ आहे, ते राहणार. आतड्यावरही या औषधाची बसायची जागा असते आणि त्याची सवय शरीराला कधीच होत नाही. जुलाबाचं औषध दुधात देते. तेही न सांगता. एवीतेवी.

आजपासून थंडी. आत्याने सिगडी आतल्या खोलीत आणली.

१२ नोव्हें., मंगळवार

हे नीट क्रमाने लिहायचं आहे.

दुपारी १.४० ला दादाचा फोन. "बाबा उठूनच नाई राह्यले. घोरून राह्यले." मी म्हटलं, छातीकडे बघ, मिनिटाला किती श्वास आहेत ते मोज. "मले नाई मोजता येत, तू ये!" म्हटलं, कुशीवर वळव, हनुवटी वर धर, नावाने हाका मारत राहा, ऑटोत घाल आणि मला अर्ध्या वाटेत भेट. राजूरच्या फाट्यावर ऑटो भेटला.

श्वा. ६. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठ करडे. हाक मारली की एक श्वास, मग काहीच नाही. सदरा वर केला. खांद्यावर पट्टी नाही. पट्टी कमरेवर, बरोबर दुखतं तिथे, आणि कमरेची कातडी लाल, अजून गरम.

काढली. ओल्या फडक्याने पुसलं. उरलेल्या वाटेत दर पाच सेकंदांनी "बाबा, श्वास घ्या." ते घेत होते. सांगितलं की घेत होते.

डॉ. बाई खालीच उभ्या होत्या. नॅलोक्सोन, अगदी थोडं थोडं, शिरेतून. हे स्वतः काही करत नाही. फक्त जाऊन त्याच जागेवर बसतं आणि औषधाला तिथून ढकलून देतं. चौथ्या वेळेला बाबांनी डोळे उघडले. पाचव्याला ओरडले. दुखणंही परत आलं होतं, सगळंच्या सगळं.

आत्या पायाशी उभी होती, हातात अजून फडकं. विचारलं तेव्हा सरळ सांगितलं. "कमरीत दुखते अन् पट्टी खांद्यावर. म्या म्हटलं पोट्टीच्या ध्यानात नाई आलं. काढून दुखते तिथी लावली. वरून ईट तापवून शेक देला, म्हटलं बाम लवकर मुरन. त्याले बरं वाटलं तं. म्हने, आत्ता झोप येऊन राह्यली."

एकेक पाऊल बरोबर. बाम असता तर बरोबरच होतं.

१३ नोव्हें., बुधवार

वॉर्डात. कातडीखाली साठलेलं औषध पट्टी काढल्यावरही कित्येक तास उतरत राहतं आणि नॅलोक्सोनचा जोर त्याआधी संपतो, म्हणून कालपासून इथेच. आता श्वा. १४.

राउंडला डॉ. बाई बाबांसमोरच मला म्हणाल्या, "फेंटानिलच्या पट्टीवर शेक? तू घरात सांगितलं नव्हतंस?"

बाबा: "फेंटा काय?"

डॉ. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना सगळं सांगितलं. मराठीत, सोपं, दोन मिनिटांत. मला महिनाभरात जमलं नव्हतं ते.

बाबांनी ऐकून घेतलं. मला म्हणाले, "दोनदा." आणि भिंतीकडे वळले.

१५ नोव्हें., शुक्रवार

घरी. पॅरासिटामॉल आणि पोटाला जपून एक साधी वेदनाशामक गोळी, बस. बाकी काही घेणार नाहीत. दु. ९. त्यांनी सांगितलं नाही. चेहऱ्यावरून लिहिते.

माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. आत्याने दिलं तर घेतात.

आत्या मागच्या दारी सिगडीची राख काढत होती. मी गेले तशी वर न पाहता म्हणाली, "माह्या हातानं माह्या भाऊ मेला असता."

"पट्टी काढायची नाही असं लिहिलं होतं."

"कोनासाठी लिवलं होतं? मले वाचता येते काय? तोंड होतं ना तुले? 'आत्या, ह्यावर शेक नको देऊ.' एवढं म्हनाले किती येळ लागते?"

मोजून पाहिलं. तीन सेकंद लागतात.

ती म्हणाली, "जा, शिकली हायेस तं लिव अजून कागदं."

१७ नोव्हें., रविवार

पोरं वर्गाला आली आणि परत गेली. बाबांना उठता आलं नाही. बसायचा प्रयत्न केला आणि असा आवाज काढला की शेजारची खिडकी उघडली.

दादाला म्हटलं, डॉ. बाईंकडे चल, तूच विचार, पाहिजे तर मी येत नाही. "आता तुह्या कोन्याच गोष्टीले मी हात नाई लावत. तू मानूस नाईस प्रज्ञा, दुकान हायेस. काउंटरच्या आतूनच बोलतेस."

चांगलं सुचलं त्याला. मी पण ऐकवलं. तीन ऑक्टोबरला डॉक्टरांनी बोलावलं होतं तेव्हा तू कुठे होतास. बिलं, रिपोर्ट, तारखा कोणाच्या फायलीत आहेत. नाव मोबाइलमध्ये टाकायच्या आधी मला विचारायला तोंड नव्हतं का. हे शेवटचं वाक्य आत्याचं होतं, माझ्या तोंडून निघालं.

आतून बाबा: "भांडा. जोरानं भांडा. तेवढंच दुसऱ्याचं ऐकू येते."

१९ नोव्हें., मंगळवार

डॉ. बाई नाही म्हणाल्या. "आता मी तुझ्या शब्दावर लिहिणार नाही. त्यांनी स्वतः म्हणायला हवं. इथे येणं जमत नसेल तर फोनवर, पण त्यांच्या तोंडून."

बरोबर आहे. तरी राग आला. मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं, म्हणून जास्त आला.

२१ नोव्हें.

दु. ९. झोप दीड तास, तुकड्यांत. जेवण नाही.

२३ नोव्हें., शनिवार

आज बोलले. माझ्याशी नाही.

मी खोलीत कपडे घड्या करत होते. बाबा खाटेवर, आत्या मध्ये पाटावर तूर निवडत. बाबा आत्याला म्हणाले, "इचार तिले, ते औषध अंगात जाऊन करते काय."

आत्याने मान न वळवता विचारलं, "काय करते म्हनते."

मी पाच फुटांवर. मी आत्याला सांगितलं, ती बाबांना. असा दीड तास.

म्हटलं, दुखणं कमरेत असतं पण ते कळतं डोक्यात. मधल्या नसांतून निरोप जातो. औषध त्या नसांवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं, मग निरोप पुढे देणारा भाग गप्प होतो. हाड जसं आहे तसंच राहतं.

आत्या: "म्हने हाडाले काई करत नाई. निरोप अडवते."

बाबा तिला म्हणाले, "खानीत कोळशाचे डबे ओढाच्या हॉलेजच्या घंटीवानी. खाली तार ओढली तं वर घंटी वाजे. वर घंटीभोवती फडकं गुंडाळलं तं खालच्यानं कितीबी तार ओढो."

"हो," मी म्हटलं.

"तिले म्हनाव मी तुह्याशी बोलून राह्यलो."

मग: "त्या जागा अंगात आल्या कुठून? मानूस काय अफूसाठी जन्मले?"

इतका चांगला प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारला नव्हता. म्हटलं, शरीर स्वतः तसलंच एक औषध बनवतं. मार लागला, धाव घेतली, बाई बाळंत झाली की सुटतं. जागा त्याच्यासाठी आहेत. अफूची गोष्ट एवढीच की ती त्या जागेत बसते.

आत्या तूर निवडायची थांबली. "तीन बाळंतपनं झाली माह्यी. मले तं काई सुटलं नाई." बाबा हसले. हसल्याने कमरेत कळ गेली.

"अन् श्वास काहून थांबला माह्या?"

हे सांगायला मी तयार नव्हते. म्हटलं, आपण श्वास घेतो ते मुख्यतः रक्तात घाण हवा साठते म्हणून. मेंदूच्या बुडाशी एक जागा ती ओळखते आणि श्वास घ्यायला लावते. औषध जास्त झालं की तिलाही गुंगी येते. हवा साठत जाते आणि तिला कळत नाही. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. झोप आल्यासारखं वाटतं.

या वेळी आत्याने काही पोचवलं नाही.

बाबा छताकडे पाहून म्हणाले, "आमी दिवा नेत जाओ आत. गॅस वाढला तं जोत निळी होऊन वर चढे. दिव्यावर नजर ठेवनारा गडी येगळा असे." थोड्या वेळाने, "माह्या दिव्यावर कोन होतं त्या दिवशी?"

कोणाला विचारलं ते कळलं नाही.

२४ नोव्हें.

माझ्या हातचं पाणी घेतलं. बोलले नाहीत.

२७ नोव्हें., बुधवार

बाबांनी सरळ विचारलं, मधे आत्या नाही. "डोकं साफ राह्यते काय?"

सवयीने "हो" आलं होतं, गिळलं. म्हटलं, पहिले तीन-चार दिवस गुंगी येते. मग बहुतेकांची जाते. तुमची जाईल का ते सांगता येत नाही. गोळीवर तीन आठवडे होतात तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही पेपर पूर्ण वाचत होतात, एवढं मी पाहिलंय. मध्ये दोन आठवडे गेले, शरीर विसरलं असेल, आता निम्म्यापासून सुरू करावं लागेल.

"अन् लत?"

"तुम्हाला लागणार नाही याची लेखी हमी कोणी देणार नाही. दुखण्यासाठी, मोजून घेतलं तर शक्यता कमी. सवय मात्र होणारच. बंद करायचं तर हळूहळू करावं लागेल."

"हे सगळं पहिले काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"मंग? नाई म्हनाचा हक्क कोनाचा होता?"

मला बोलायचं नव्हतं पण बोलले. खर्ऱ्याचं. सगळं, जे तीन तारखेला इथे लिहिलं होतं ते. वर हेही म्हटलं की पाचव्या शीलात नशेइतकीच गाफील होण्याची गोष्ट आहे, तुम्हीच वर्गात शिकवता, आणि दुखण्याने ओरडणारा माणूस कुठे सावध असतो.

वाटलं ओरडतील. शांतपणे म्हणाले, "खर्ऱ्याचं खरं हाये. त्याची सजा भोगूनच राह्यलो. पन मले शील नको शिकवू, बाई. पाचव्याचं माह्यं मी पायतो. खोटं न बोलनं चौथं हाये. ते कोनाकडे हाये पाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आत्या भाकरी थापत होती. तिने ऐकलं असणार, घर एवढंच आहे. तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. याचा अर्थ लावणार नाही.

१ डिसें., रविवार

गोळी पुन्हा घ्यायला बाबांच्या अटी. दादाकडून वहीत लिहून घेतल्या, सही केली.

गोळी देताना दर वेळी नाव घेऊन द्यायची. मॉर्फिन, किती, कशासाठी. तोंडाने, मोठ्याने.

गोळीनंतर श्वास मोजायचे. मी घरी नसेन तेव्हा आत्याने.

सहा तारखेला सकाळी घेणार नाही.

शेवटच्यावर भांडण. म्हटलं, दर चार तासांची गोळी आहे, एक सोडली तर दुपारपर्यंत बसवणार नाही. "एकतीस वर्ष बसलो मी." म्हटलं, मणका तेव्हा चांगला होता. दादा मधे पडला, "ते सहा तारखेले पाहू, आधी आजचं तं करा." त्याच्याकडून पहिल्यांदाच कामाचं काही ऐकलं.

३ डिसें., मंगळवार

बाबा फोनवर डॉ. बाईंशी स्वतः बोलले. मी बाहेर उभी राहिले. पाच मिलिग्रॅम, दर चार तासांनी.

सुट्टी घेतली, आत्याला शिकवायला. तिला साठापर्यंत मोजता येतं पण घड्याळ आणि छाती एकदम पाहता येत नाही. मी मोबाइलवर मिनिट लावून द्यायला लागले, तर म्हणाली, "थांब तू." ज्वारीचे दाणे मांडीवर घेतले. छाती वर आली की एक दाणा वाटीत. मी "सुरू", "बस" म्हणायचं. मग वाटीतले दाणे मोजायचे.

पंधरा. माझेही पंधरा.

"दहाच्या खाली आले तं?"

"हाक मारायची, हलवायचं, मला फोन. पुढची गोळी नाही. आणि आत्या, गोळी असो पट्टी असो, मला विचारल्याशिवाय शेक—"

"आत्ता बोलली," ती म्हणाली. "बोलता येते म्हनजे."

५ डिसें., गुरुवार

दु. ५. श्वा. १३. दुपारी गुंगी, दोन वाक्यांच्या मध्ये डोळा लागतो. बाबा चिडले. "उद्या असं झालं तं?" खरं सांगितलं: होऊ शकतं. आज तिसराच दिवस आहे.

आत्याने सकाळी नीळ घालून पांढरा सदरा धुतला. कोळशाच्या धुळीने दोरीवर पुन्हा करडा झाला. पुन्हा धुतला.

६ डिसें., शुक्रवार

सकाळी सहा वाजता गोळी तळहातावर ठेवून म्हटलं, "मॉर्फिन, पाच मिलिग्रॅम, कमरेच्या दुखण्यासाठी."

बाबांनी घेतली. पाहिली. सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली, बटण लावलं. "वंदना कोनी घ्याची, गोळीनं का दुखन्यानं, ते मले ठरवू दे."

मी म्हटलं, आत्ता घेतली तर आठच्या वंदनेला गोळी जोरात असेल, नाही घेतली तर आठला दुखणं जोरात असेल. दोन्हीत काय होईल ते तुम्हाला सांगितलं आहे.

"सांगतलं," ते म्हणाले. "जाय, तयार हो."

मी आंघोळीला गेले. परत आले तेव्हा पाण्याचा पेला रिकामा होता. पण तो पेला आत्याचाही असू शकतो. तिला विचारलं. "मले नको इचारू. त्याले इचार." विचारलं नाही.

विहारात दादाने खुर्ची नेली. बाबा खुर्चीत बसले नाहीत, सतरंजीवर बसले. सगळे पांढऱ्यात. आत्या माझ्या शेजारी, पदराच्या टोकाला ज्वारी बांधलेली. बाबा समोर, पाठ ताठ. कपाळावर घाम. घाम दोन्हीने येतो, औषधानेही आणि दुखण्यानेही.

पहिलं शील त्यांनी म्हटलं, मागून सगळ्यांनी. दुसरं. तिसरं. चौथं त्यांनी म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. मी त्यांचे श्वास मोजत होते. बाबा थांबले.

लोकांना वाटलं दम लागला. दादा उठायला लागला. बाबांनी हाताने त्याला बसवलं. डोळे उघडे होते, स्वच्छ होते, माझ्याकडे होते. आत्याने कोपराने ढोसलं.

मी चौथं शील म्हटलं. एकटीने, पूर्ण.

मग ते पाचव्याकडे वळले.

श्वा. १४, दोनदा मोजले. खिशाचं बटण लावलेलंच होतं.